भामाबाईच्या पायासाठी

पनवेल, १२ फेब्रुवारी १९९१

प्रिय मनोरमाताई,

प्रभूच्या प्रीतीत सलाम. मी बरी आहे, पाण्याची अडचणही आता नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

एक सांगायची लाज वाटते. शेजारच्या भामाबाईच्या पायाचं ऑपरेशन होतं. मी तिला म्हटलं, रोज प्रार्थना करीन, आणि विसरले. खरं तर हे वारल्यापासून मी पवित्र शास्त्र रोज वाचते, पण ख्रिस्ताशी बोलत नाही.

काल ती काठी टेकत बोंबील घेऊन आली. "तुमच्या प्रार्थनेनी पाय वाचला, बाय." मी बोंबील घेतले आणि तळले. पण ताट तसंच ठेवून उठले. शेवटी जाऊन तिला खरं सांगितलं.

ती हसली. "मंग आता करा. पाय काय अजून बरा नाय."

तिच्या ओट्यावर डोळे मिटले. वाचलेलं काही आठवेना. "प्रभू, हिचा पाय बरा कर. मी फार दिवसांनी आले, मला माफ कर," एवढंच बोलले.

"एवढंच? मंग इसरल्या कशाला?" भामाबाई म्हणाली.



ताई, प्रार्थनेत आठवण ठेव, असं आपण प्रत्येक पत्रात लिहितो. या वेळी खरंच ठेव.

तुझी धाकटी,
करुणा