फळीची ऊब

गुरुवार, संध्याकाळ

"पायपाला लाकूड लागाला नको," असं सासरे एकदा म्हणाले होते. न्हाणीतल्या चुलीचा पत्र्याचा पाइप फळ्यांच्या भिंतीतून बाहेर जातो. त्याच्याभोवती त्यांनी मुद्दाम वीतभर जागा मोकळी सोडली होती.

आज भिंतीला हात लागला, तर फळी चांगलीच तापलेली. झाकणाचा पत्रा काढून पाहिलं. सगळी जागा चिंध्यांनी ठासून भरलेली, लाकडाची कड करपलेली.

"उंदीर येतान गो तिथून," सासूबाई म्हणाल्या. "आन फळीला पाठ टेकली का बरा वाटतं."

त्यांची खाट बाहेरच्या पडवीत, त्याच फळीला लागून आहे.

"आई, ती आतून कोळसा होत चाललीय."

"तू मीरा रोडची. तुमच्याकडं चूल हाय कुठं?"

चिंध्या मी काढल्या. रविवारी मिस्त्री येऊन करपलेली कड कापेल, न जळणारी दगडी लोकर भरेल, उंदरांसाठी जाळी लावेल. मग फळी गार राहील, हे त्यांना कसं सांगू? पाठीला दुसरं काय देऊ?

नाहीच म्हणतील. तरी आत्ता जाऊन विचारते: आई, रविवारपर्यंत चूल पेटवू नका, आणि तुमची खाट माझ्या खोलीत आणू द्या.