साय ओमच्या वाटीत

१८ नोव्हें., मंगळ.
शाळेत पालकांना बोलावलं होतं. सरांनी पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. जाऊबाईंची प्राची पहिली. माझा ओम दुसऱ्याच फेरीत खाली बसला, छातीवर हात. दोघं सहावीत, घर एक, म्हैस एक. सर म्हणाले, वजन फार वाढलंय, म्हणून दम लागतो, गुडघ्यांवर भार येतो. जाऊबाई शेजारीच. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.
संध्याकाळी ओमवरून मीठ-मिरच्या उतरवल्या. चुलीत टाकल्या, ठसका उठला नाही. म्हणजे नजर होतीच. कोणाची ते लिहायला नको.

२१, शुक्र.
दुधावरची साय ओमच्या वाटीत, वर साखर. प्राचीला ताक. हे मीच भांडून ठरवलेलं. लेकरू कसं भरलेलं दिसावं. प्राची काटकुळी, म्हणून मनातून बरं वाटायचं.
आता तीच काटकुळी खो-खोला सेनगावला चालली. जळतंय मला. लिहून टाकलं.
यांना म्हटलं, पोराचं काही बघा. म्हणे मोठा झाला की आपोआप उतरतं. आणि गाडी काढून त्याला शाळेत सोडून आले. शाळा हाकेवर.

२५, मंगळ.
सकाळी ओम अंथरुणात नाही. जाऊबाई धार काढायला आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यावर जातात, तर हा त्यांच्या नि प्राचीच्या मागं चालत गेलेला. परतला तो लालबुंद, घामाघूम आणि खूश. कोणी नेलं विचारलं.
"मीच म्हनलो मोठीआईला. तू न्हाई म्हनली असतीस."
जाऊबाईंना अंगणात गाठलं. माझ्या लेकराला काहून पळवून राहिल्या तुमी?
त्यांचं झाडणं चालूच. "पळवत न्हाई गं. त्यो थांबला की मी बी थांबते."
भांडी जरा जोरात घासली.

३०, रवि.
रोज जातो. आज सायीची वाटी त्यानं प्राचीकडं सरकवली. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग खाल्ली. वाटी बोटानं पुसून. साखरही नाही मागितली.
राग आला. नेमका कोणाचा, ते…

५ डिसें., शुक्र.
शाळेत परत फेऱ्या. मी गेले, जाऊबाईही. ओम सगळ्यात शेवटी, मधे मधे चालत, पण बसला नाही. पाण्याचा एकेक तांब्या दोघींच्या हातात होता. तो सरळ जाऊबाईंकडं गेला. माझा तांब्या तसाच भरलेला घरी आणला.
जेवताना ओम म्हणाला, उद्या तू बी चाल आखाड्यावर. म्हटलं, मला न्हाई जमायचं, दम लागतो.
म्हणाला, "मोठीआई थांबती की."