मडगार्डवरचा शर्ट

आबा, काल कामावर नवीन आलेल्या मुलीनं विचारलं, शिलाई मशीनशेजारी गाडीचं मडगार्ड कशाला ठेवलंय? मी म्हटलं, त्याला शर्ट घालतो आपण. ती हसली. तुम्हीसुद्धा या उद्योगाला असेच हसला होतात, अर्थात आधी मला भरपूर बोलून झाल्यावर.

नव्वदनंतरची ती वर्षं. उधन्याच्या गॅरेजमध्ये हौशी लोक जुन्या फियाट सजवायला आणायचे आणि तुम्ही लांब केसांच्या ब्रशनं पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एका दमात रेघ ओढायचात. ओढताना तुम्ही श्वास रोखायचात, आणि डबा घेऊन आलेली मीही दारात श्वास रोखून उभी. मग बाजारात चिकटवायच्या पट्ट्या आल्या. तुमच्या ब्रशवर धूळ बसायला लागली आणि तुम्ही घरात चिडचिड करायला लागलात. भाजीत मीठ बरोबर पडलं तरी चिडायचात. असा हात घरात बसून वाया जाणार, याची मला फार भीती वाटायची.

म्हणून मी ते खूळ काढलं. तुमच्या लग्नाच्या फोटोतल्यासारखा लांब टोकाच्या कॉलरचा शर्ट मी शिवायचा आणि त्यावर गाडीची रेघ तुम्ही ओढायची. पर्वत पाटिया भागातले एक कापडवाले शेठ नमुना बघायला तयार झाले. तुम्ही कापड टेबलावर ताणलंत, टाचण्या लावल्यात आणि छपाईच्या रंगानं अशी रेघ ओढलीत की मी बघतच राहिले. शर्ट शिवून तुमच्या अंगात घातला, तर पोटावर रेघ पार नागमोडी! तुम्ही उखडलात माझ्यावरच. "येडी, कापड काय पत्रा शे का?" जसं काही टेबलावर मीच ताणलं होतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही भंगारातलं फियाटचं मडगार्ड खांद्यावर घेऊन दारात हजर. आई म्हणाली, "घरमा बसाले जागा नई, आन् हाई काय आनं?" तुम्ही मडगार्ड टेबलावर टेकवलंत. मी शिवलेला दुसरा, कोरा शर्ट त्या फुगीर पत्र्यावर चढवलात, बाह्या मागून बांधल्यात आणि माझ्याकडे बघून हसलात. "आते देख." रेघ उतरली ती थेट पोटाच्या गोलाईवरून, कुठेही न अडखळता. तो शर्ट शेठकडे न्यायचा ठरला. मी आणखी एक शिवून ठेवला होता, तो कोराच राहिला.

रेघ वाळेपर्यंत तुम्ही गॅरेजला जाऊन आलात, आणि तुमच्या मागे मी तो शर्ट घाईनं काढायला गेले. ओल्या रंगाला माझी बांगडी लागली. केवढा फराटा! ओढलेली रेघ पुसायची नाही, हा तुमचा नियम. मी कोरा शर्ट चढवला, ब्रश बुडवला आणि श्वास रोखला.

शेठनं त्या शर्टावरून बोट फिरवलं. "आ लीटी हाथे दोरेली छे? मने आवी ज जोईए." हातानं ओढलेली रेघ, मला अशीच हवी, असं ते दोनदा म्हणाले. परतताना रिक्षात तुम्ही आपल्या बोटांकडे बघत होतात. "आज मना हात भारी चालना." कितीतरी दिवसांनी तुम्ही गुणगुणत होतात. त्यानंतर मरेपर्यंत तुमचा ब्रश कोरडा पडला नाही. तुमच्या त्या रेघांचे शर्ट कुठे कुठे गेले! आता या मुली ओढतात. कालचीनं आज पहिली रेघ ओढली. वाकडी आली, पण ओढताना ती श्वास रोखून होती.

हा कागद कुठे टाकायचा? घडी घालून मडगार्डच्या पोटात सारून ठेवते.

फराटा उठलेला शर्ट माझ्याकडे आहे, आबा. शेठनं पसंत केलेली रेघ माझी होती. तुमचा आनंद मोडवेना म्हणून गप्प बसले, असं मी आईला सांगितलं. खरं तर माझी रेघ तुम्हाला तुमचीच वाटली होती, आणि ते मला कोणाशीही वाटून घ्यायचं नव्हतं, तुमच्याशीसुद्धा.