डोझ म्हणजे काय

परंडा, ६ जानेवारी २०२५

ती. आण्णाकाकांना हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. शनिवारी आठवीतली मेहनाज वर्गात कविता म्हणत होती. चांगलं काही ऐकायचं तर डोळे मिटून, ही आपल्या घरची रीत. भजनाला तुम्ही बसता तशीच मी बसले. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक रणधीर सर दारात आले. काल पालकसभेत त्यांनी भर लोकांत सांगितलं, की इंग्रजीच्या बाई तासाला 'डोझ' करतात, डुलक्या काढतात. पालक हसले.

मला नोकरीत कायम करायचं की नाही, ते मार्चमध्ये याच सरांच्या शेऱ्यावर ठरणार आहे. माझं डोकं फिरलंय. परिपाठाला हे एवढं बोलतात, की मुलं उभ्याउभ्या पेंगतात, आणि डुलक्या म्हणे माझ्या. तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत. या शब्दाचं कूळमूळ कळवा. मला त्यांना त्यांच्याच शब्दानं झोडायचंय.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची हर्षाली

ईट, ११ जानेवारी २०२५

चि. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं, तर तुझ्या काकूनं माझ्याआधीच रणधीरचा उद्धार केला. आमच्या पोरीला झोपाळू म्हणतोय व्हय, असं म्हणत तिनं भाकरी अशी थापली, की ती फाटली.

आता शब्द. डोझ म्हणजे हलकी झोप, हा नंतरचा अर्थ. साडेतीनशे-चारशे वर्षांमागं हा शब्द इंग्रजीत आला, बहुधा डेन्मार्ककडच्या बोलींतून. तेव्हा त्याचा अर्थ होता दुसऱ्याला गुंगवणं, त्याचं डोकं बधीर करणं. आता गुन्हेगार कोण, ते तूच ठरव. परिपाठाला 'आजचा शब्द' तूच सांगतेस ना?

शहाणा म्हातारा म्हणाला असता, गप बस, नोकरी सांभाळ. मी तेवढा शहाणा नाही. त्यानं चारचौघांत अब्रू काढली, तूही चारचौघांतच काढ. फक्त खोटं बोलू नकोस.

तब्येत जप, राग थंड होऊ देऊ नकोस.
आण्णा

परंडा, २८ मार्च २०२५

ती. आण्णाकाकांना शि. सा. न. वि. वि.

परिपाठाला शब्द सांगितला, जुना अर्थ सांगितला आणि वाक्यात उपयोगही करून दाखवला: सरांचं भाषण शाळेला डोझ करतं. सगळी शाळा हसली, शिपाई रामलिंगमामासुद्धा. सरांनी काय ते शेऱ्यात लिहिलं. माझी नोकरी गेली. जिभेपायी घालवलीस म्हणून आई रडते. तिचं खरं आहे, तरी मला पस्तावा नाही.

काल निरोप समारंभ झाला. सर माझ्याविषयी गोड बोलायला उभे राहिले. मी पापणी न पाडता त्यांच्याकडे बघत राहिले. माझं बघून मुलंही बघू लागली. एकही पोर पेंगलं नाही. एवढ्या जाग्या डोळ्यांची त्यांना सवय नव्हती. ते अडखळले, माझं नाव चुकले आणि भाषण अर्धवट टाकून खाली बसले. मग त्यांनी शाल पुढे केली. मी शाल घेतली. नमस्कार केला नाही.

उद्या ईटला येते. पोटात घ्या.
तुमची हर्षाली