खिमटीत एक चमचा नाचणी

सोमवार, १२ जानेवारी

बाबांचं वजन पुन्हा उतरलं! पक्षाघाताचा झटका आल्यापासून गिळणं अर्धवट झालंय, आणि गिळण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या नमिताचा एकच धोशा — पातळ काही नको, श्रीखंडासारखं घट्टच द्या, पातळ सरळ फुप्फुसात जातं. म्हणून रोज डाळ-तांदळाची घोटलेली खिमट. सकाळी मी करून ऊब धरणाऱ्या डब्यात भरते, अकराला केयूर दिंडोशीहून चारकोपला येऊन भरवतो. चांगला तासभर लागतो. माझ्या धाकट्या भावात एवढा धीर कुठून आला कोण जाणे! चिऊचा घास, काऊचा घास म्हणतो आणि बाबा अर्ध्या तोंडाने हसतात.

उद्यापासून खिमटीत ताकद म्हणून नाचणी. मोड आणून गॅलरीत वाळवली, दळली. घरोघरी भाजतात, मी मुद्दाम नाही भाजली. भाजलं की मोडात तयार झालेलं अमायलेज हे एन्झाइम मरतं. दाणा रुजताना त्यातल्या पिठाची साखर करतं ते हेच. ते बनवायला एक जनुक नाही, जनुकांचं अख्खं कुटुंब असतं. त्यातलं कुठलं भावंड कधी जागं होतं, हे मी आधी सातूत शोधलं, आता नाचणीत. धान्याला मोड आणून माल्ट करणाऱ्यांचं सगळं त्यावरच चालतं. एवढं शिकून बाबांच्या ताटात काहीच पडू नये?

मंगळवार, १३ जानेवारी

खिमट कोमट झाल्यावर एक चमचा पीठ ढवळलं. चमचा उलटा करून पाहिला — घट्ट. लॅबला गेले.

दुपारी केयूरचा फोन. "ताई, बाबांना ठसका लागलाय, थांबतच नाहीये." मग हॉस्पिटल, ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, अन्न फुप्फुसात गेलंय. केयूरच्या हातात डबा तसाच होता. उघडला तर आत नुसतं पाणी! तिथेच त्याला झाडलं. "पाणी घातलंस ना? लवकर उरकायला?"

"नाही गं. चिकटतं म्हणून मधूनमधून चमचा पाण्यात बुडवून घेतो फक्त."

"मग तेच ते."

त्याने डब्याला झाकण लावलं आणि तो बाहेर गेला.

शनिवार, १७ जानेवारी

बाबांचा ताप उतरतोय. केयूर येतो, दाराशी उभा राहतो, जातो. रागावलाय माझ्यावर. रागावू दे.

रविवार, १८ जानेवारी



दुपारी माझ्यापुरती खिमट केली, त्यातही तेच पीठ ढवळलं. तेवढ्यात केयूरच्या बायकोचा, इरावतीचा फोन — "ताई, हा काही खातच नाही हो." बोलून परत आले तर वाटीत खिमट नव्हती. पाणी होतं.

शिजलेल्या कोमट पिष्टात अमायलेज टाकायचं आणि ते किती लवकर पातळ होतं ते बघायचं — लॅबमध्ये दुसरं काय करते मी? तेच मी बाबांच्या डब्यात केलं. वर झाकण लावून, ऊब राहील असं! ओल्या चमच्याने असं कितीसं पाणी गेलं असणार? हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण आधी केयूर दिसला.

त्याला फोन लावला. त्याने उचलला. मी विचारलं, बाबांचा चष्मा कुठे ठेवलायस.

सोमवार, १९ जानेवारी

नाही सांगितलं.

गुरुवार, २२ जानेवारी

डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाले, दोन्ही वेळा शांतपणे तासभर भरवणारं माणूस असेल तर तोंडाने पुन्हा प्रयत्न करून बघू. नाहीतर पोटात नळी. आणि एकदा नळी बसली की तोंडाने थेंबही नाही. असा दुसरा ठसका बाबा सोसणार नाहीत.

मी केयूरकडे पाहिलं.

"माझ्या हातून नको आता," तो खाली बघत म्हणाला.

तुझी चूक नव्हती — एवढंच तर म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर डॉक्टर, बाजूला नर्स. त्यांच्यासमोर मी बाबांच्या डब्यात अमायलेज घातलं असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि मला तासभर भरवणं जमत नाही, चौथ्या घासाला माझा आवाज चढतो, हे बाबांनाही माहीत आहे. नळीच्या कागदावर मी सही केली. मनात म्हटलं, आधी याचा राग निवळू दे, मग सांगू.

शनिवार, २४ जानेवारी

काल नळी बसली. बाबांना ती कळली आहे की नाही, कोण जाणे. आज अकराच्या सुमाराला ते दाराकडे बघत होते. मग त्यांनी तोंड उघडलं. नर्सला वाटलं जांभई.

सोमवार, २६ जानेवारी

केयूरला सांगितलं. सगळं. वाटलं, आता ओरडेल. तो म्हणाला, "म्हणजे मी नाही केलं, ताई?" आणि रडायलाच लागला. रागावलेला नव्हताच तो. इतके दिवस स्वतःच्या हाताला घाबरत होता. मग डोळे पुसून उठला. "चल ना मग. डॉक्टरांना सांगू, मी भरवतो." नळी बसल्याचं त्या क्षणी त्याच्या ध्यानातच नव्हतं. तेही मलाच सांगावं लागलं.