विल्फला सोडलेलं नाही

२ ऑगस्ट १९३५

माझ्या लाडक्या आईला,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. फुटबॉल क्लबने विल्फला सोडलेलं नाही. पगार थांबवलाय, पण खेळाडू म्हणून त्याची नोंदणी स्वतःकडेच ठेवलीय, त्यामुळे तो दुसऱ्या कुणाकडूनही खेळू शकत नाही. मॅनेजर हसत म्हणाले, "गड्या, तू आमचाच आहेस, फक्त सध्या नको आहेस." आमच्या लग्नानंतरचा हा त्याचा चौथा क्लब, पण असं कधी झालं नव्हतं.

काळजी करू नकोस, जेवण नीट होतं. तो रोज गल्लीत धावतो. घरमालकीण विचारते, "आजही ट्राम चुकली वाटतं?"

बाबांचा खोकला कसा आहे?

विल्फला न सांगता मी क्लबच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन त्याला मोकळं करा म्हणून विनवणार आहे, येत्या शुक्रवारी, नऊ तारखेला.

तुझी एल्सी