चुकीच्या बाजूचे ओरखडे

टोकियो,
८ मार्च

प्रिय बाबा,

नमस्कार. इकडची थंडी सरत आलीय, पण सकाळी हात अजून खिशातून बाहेर यायला तयार नसतात. तुमचा गुडघा कसा आहे? मागावर बसताना खाली उशी घेता ना? तुम्ही पाठवलेलं पपनस एवढं मोठं होतं, की ऑफिसातल्या सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. साल टाकली नाही, साखरेत मुरवून ठेवलीय.

खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही दोनदा 'बरं' म्हणता आणि ठेवून देता. पत्र निदान शेवटपर्यंत वाचाल.

तर बातमी अशी, की मी गिटार घेतली. इलेक्ट्रिक. जुनी.

किंमत लिहीत नाही, चहा सांडेल तुमचा. पण जुनी म्हणून नाक मुरडू नका. आपण विणतो ती तातामीच्या बैठकीवरची लव्हाळ्याची चटई झिजली की उलटून घ्या, नवी कशाला, असं गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता. ही गिटार त्सुजिमोरी मायाच्या नावाची आहे. आपल्या मागाच्या खोलीत रेडिओवर तिचं वादन लागलं की तुम्ही म्हणायचात, "मांजरीचं शेपूट कुणी दाराखाली धरलंय?" तीच माया. तिचे हात लहान होते, म्हणून एका कारखान्याने तिच्या मापाची, बारीक मानेची गिटार बनवली आणि वरच्या टोकाला तिची सही छापली. थोड्याच निघाल्या, मग बंद झाल्या. माझेही हात लहान. शाळेत असल्यापासून मी ही गिटार शोधतेय. दुकानात एक-दोनदा काचेमागे दिसली होती, पण ती वाजवण्यासाठी नव्हतीच, नुसती जपण्यासाठी.

ही मिळाली टोकियोजवळच्या कावागोएच्या उसामीकाकांकडे, त्यांची विकायची जाहिरात बघून. ते जेवणाचे डबे बनवून विकतात. दुकानाच्या मागेच घर. मी गेले तेव्हा काका केस विंचरून, टाय लावून बसले होते.

"मुलगी बघायला आल्यासारखे नटलेत," काकू म्हणाल्या. "वीस वर्षं ही बया माझ्या कपाटात झोपलीय आणि माझ्या गाद्या जिन्यात. ने बाई लवकर."

"आधी वाजवू दे तिला," काका म्हणाले.

"तुम्ही तेवढे वाजवू नका म्हणजे झालं. लग्नात मोठ्या ऐटीत ही घेऊन उभे राहिले, आणि वाजत काय होतं? कॅसेट!"

मी वाजवलं. दुकानात नुसती तार छेडली तरी कोपऱ्यातला एखादा गृहस्थ शिकवायला येतो, त्यामुळे मला लोकांसमोर वाजवायची भीतीच बसलीय. काकू मात्र रताळं सोलत बसल्या, आणि मधेच "हं, हे बरं आहे" म्हणाल्या. एवढ्याने मला धीर आला.

मग काकांनी गिटार माझ्या हातून घेतली आणि उलटी केली. पाठीवर ओरखडेच ओरखडे. दाट, खोल, मुद्दाम काढल्यासारखे. आणि ते मुद्दामच काढलेले होते. मायाच्या गिटारच्या पाठीचा जवळून घेतलेला फोटो एका मासिकात आला होता. तिच्या कमरेच्या पट्ट्याचं बकल घासून पडलेल्या खुणा होत्या त्या. काकांनी पूर्ण हिवाळाभर, भिंग लावून, एकेक ओरखडा आपल्या कोऱ्या गिटारवर उतरवला.

मी गिटारचा पट्टा गळ्यात अडकवला आणि खाली पाहिलं. माझं बकल एका बाजूला लागत होतं, ओरखडे दुसऱ्याच बाजूला. तिथे कुणाचंही बकल पोचणार नाही.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागले. "आलं लक्षात? फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला होता. पुढच्या अंकात माफीही मागितली त्यांनी. मी तो अंक घेतलाच नाही, घरी बसून घासत होतो!"

"गिटारवाले दुकानदार म्हणाले, पाठ रंगवून आणा, चांगला भाव येईल," काकू म्हणाल्या. "हे ऐकतात होय!"

"का रंगवू? एवढं एकच काम मी मन लावून केलंय," काका म्हणाले. मग काकूंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाले, "पोरी, खुणा करण्यात माझं वाजवायचंच राहून गेलं बघ."

बाबा, मी ती तशीच घेतली. गाडीत मांडीवर घेऊन बसले होते. खूश होते, अजूनही आहे. पण त्यांचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आता जे लिहायचं ते लिहिते. तुम्ही माझं कंपनीचं कार्ड देव्हाऱ्यात आईच्या फोटोपुढे ठेवलंय. येईल त्याला दाखवता. आपल्या घरातली पहिली पदवी, टोकियोतली विम्याची कंपनी, बाविसावा मजला. ते कार्ड आता काढावं लागेल. मी नोकरी सोडलीय. या महिनाअखेरीस मोकळी होईन.

घाबरू नका. मला कुणी काढलं नाही, मी आजारी नाही, कुणाच्या मागे लागून निघालेली नाही. मी मास्तरकीची परीक्षा पास झालेय. एप्रिलपासून आपल्या यात्सुशिरोच्या शेतकी शाळेत विज्ञान शिकवणार. मुख्याध्यापक म्हणाले, संगीताची खोली बंद पडलीय, ढोल आहेत, वाजवणारं कुणी नाही. मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे द्या.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. मला टोकियोच्या गाडीत बसवताना म्हणाला होतात, "आता येशील ती पाहुणी म्हणूनच ये." लव्हाळ्याच्या शेतात डिसेंबरच्या चिखलात उभं राहून तुम्ही माझी फी भरलीत, ती मी त्याच चिखलाकडे परत यावं म्हणून नव्हे. शेजारचे मात्सुओकाका विचारतील, "काय हो, पोरगी टोकियोत टिकली नाही वाटतं?" आणि तुम्हाला मान खाली घालावी लागेल, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. मला इथे काही कमी नव्हतं. चांगले लोक, चांगलं जेवण, वेळेवर पगार. पण तीन वर्षांत मी ज्या ज्या कामाने खूश झाले, ते तुम्ही खूश व्हाल म्हणून. माझं त्यात काय होतं, ते शोधूनही सापडेना. वर्गातल्या एका मुलीला जरी वाटलं की आपणही शिकू शकतो, तर ती पदवी कामाला लागली असं मी समजेन. तुम्हाला हे पोरकट वाटेल. वाटू दे.

तुमच्या डोक्यावर बसणार नाही. शाळेजवळ दोन खोल्या बघितल्यात. रविवारी मात्र जेवायला येईन, आणि मांजरीचं शेपूट म्हणालात तरी वाजवेन.

एकतीस तारखेला दुपारच्या गाडीने पोचते. स्टेशनवर या. रागवायचं असेल तर तिथे, सगळ्यांसमोर रागवा. 'परत जा' म्हणायचं असेल तर तेही माझ्याकडे बघून म्हणा. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेईन, आणि त्यानंतरही मी तिथेच उभी असेन.

गुडघ्याला जपा. गाडीपर्यंत यायचंय तुम्हाला.

तुम्ही नको म्हणालात तरी येणारी,
तुमची लेक
चिगुसा